बीडीएस करून अमेरिकेत आलात आणि असिस्टंट किंवा हायजिनिस्ट व्हायचंय? आधी सुपरव्हिजन समजून घ्या, मग अर्ज आणि कागदपत्रं

दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी वहिनीचा नाहीतर मावसबहिणीचा मेसेज येतोच, की ताई मी भारतात बीडीएस केलंय, चार-पाच वर्षं प्रॅक्टिसही केलीय, आता नवऱ्यामागे इकडे आलेय, घरी बसून कंटाळा आला, डेंटल असिस्टंट (डॉक्टरांच्या हाताखाली मदत करणारी) नाहीतर हायजिनिस्ट (दात साफ करणारी) म्हणून लागता येईल का आणि काय काय कागद लागतात. प्रत्येकीला तेच तेच टाइप करून बोटं दुखायला लागली म्हणून एकदाच सगळं लिहून ठेवतेय. मी कॅलिफोर्नियात आहे त्यामुळे जास्त इथलंच सांगणार. आणि एक गोष्ट आधीच डोक्यात बसवा, इकडे दातांच्या दवाखान्यात कोणी काय करायचं हे ठरवतं ते राज्य, केंद्र सरकार नाही, म्हणजे टेक्सासच्या मैत्रिणीने फोनवर सांगितलेलं इथे चालेलच असं नाही.

त्याआधी वर्क परमिट. एच-४ वर (एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आलेल्यांच्या नवरा-बायकोला मिळणारा व्हिसा) असाल तर नुसत्या व्हिसावर नोकरी करता येत नाही, ईएडी कार्ड म्हणजे कामाचा परवाना लागतो, आणि तो २०१५ पासून फक्त अशांना मिळतो ज्यांच्या नवऱ्याचं किंवा बायकोचं आय-१४० (कंपनीने भरलेला ग्रीन कार्डच्या वाटेवरचा अर्ज) मंजूर झालंय किंवा ज्यांचं एच-१बी सहा वर्षांच्या पुढे वाढवून मिळालंय. अर्जाचा फॉर्म आय-७६५. कार्ड हातात यायच्या आधी "नुसती शिकायला येते, पगार नको" असं म्हणून कुणाच्या क्लिनिकमध्ये हातात ग्लोव्ह्ज घालून उभं राहू नका, पगार न घेता केलेलं कामसुद्धा काम धरलं जाऊ शकतं आणि मग पुढच्या इमिग्रेशनच्या फाइलला डाग. बघायला जाणं, शॅडोइंग म्हणतात ते, वेगळं. त्यात पेशंटला हात लावायचा नाही.

आता मुख्य मुद्दा, ज्याबद्दल कोणीच विचारत नाही. सगळ्यांना कागदांची यादी हवी असते, पण नोकरीच्या पहिल्या आठवड्यात घोळ होतो तो सुपरव्हिजनचा, म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीचा.

माझाच किस्सा सांगते. मी तेव्हा साधी असिस्टंट, लायसन्स नसलेली. डॉक्टरांनी खालच्या दाढेवर क्राउन (कॅप) बसवला, सिमेंट सेट व्हायला सोडून ते दोन नंबरच्या खोलीत गेले. कडेला जास्तीचं सिमेंट दिसत होतं, ट्रेमध्ये स्केलर (खरवडायचं हत्यार) पडलेला, माझा हात आपोआप तिकडे गेला, अहो भारतात हे मी झोपेत केलं असतं. शेजारी उभ्या असलेल्या सीनियर बाईने माझं मनगट धरलं आणि हळूच म्हणाली, तू नाही. लंच रूममध्ये मायक्रोवेव्हच्या वर एक कागद चिकटवलेला असतो, कोण काय करू शकतं त्याचा तक्ता, तिने मला जेवणाच्या सुट्टीत त्यावर बोट ठेवून दाखवलं की दातावरचं जास्तीचं सिमेंट हातातल्या इन्स्ट्रुमेंटने काढणं हे काम रजिस्टर्ड डेंटल असिस्टंटच्या रकान्यात आहे, साध्या असिस्टंटच्या नाही. तो तक्ता लावणं कॅलिफोर्नियात डॉक्टरांवर बंधनकारक आहे, ऑफिसमधल्या सगळ्यांच्या वावराच्या जागी. मी पहिल्या दिवशी तिथेच उभी राहून डबा गरम केला होता आणि कागदाकडे बघितलंही नव्हतं.

म्हणजे तुमच्या हाताला काय येतं हे कायद्याला माहीत नाही, त्याला फक्त दोन गोष्टी कळतात, तुमच्याकडे कुठलं लायसन्स आहे आणि ते काम चालू असताना डॉक्टर कुठे आहेत.

डॉक्टर कुठे आहेत याचे इथे मुख्य प्रकार दोन. डायरेक्ट सुपरव्हिजन म्हणजे डॉक्टरांनी सूचना दिलेली असली पाहिजे आणि काम होईपर्यंत ते त्याच दवाखान्यात प्रत्यक्ष हजर पाहिजेत. तुमच्या डोक्यावर उभं राहायची गरज नाही, बाजूच्या खोलीत असले तरी चालतं, पण बँकेत गेलेत, गाडीतून फोनवर आहेत, पाच मिनिटांत पोचतायत, हे चालत नाही. जनरल सुपरव्हिजन म्हणजे सूचना डॉक्टरांचीच पण ते तिथे असायलाच हवेत असं नाही. काही राज्यांत याशिवाय इनडायरेक्ट आणि पर्सनल असेही शब्द येतात, पर्सनलमध्ये डॉक्टर स्वतः त्याच पेशंटवर काम करत असतात आणि तुम्ही सोबत हात देता. शब्द एकच असला तरी व्याख्या राज्यागणिक बदलते, त्यामुळे आपल्या राज्याच्या डेंटल बोर्डाच्या (लायसन्स देणारी संस्था) साइटवर जाऊन व्याख्याच वाचा, दुसऱ्याने समजावलेली नको (माझीसुद्धा नको).

लायसन्स नसलेल्या असिस्टंटला कॅलिफोर्नियात जी कामं मिळतात त्यांना कायदा बेसिक सपोर्टिव्ह म्हणतो, म्हणजे सोपी, पूर्ण उलटवता येणारी आणि पेशंटला धोका होण्याची शक्यता नसलेली. यातली गंमत अशी की एक्स-रे काढणं जनरल सुपरव्हिजनखाली येतं, डॉक्टर आलेले नसले तरी त्यांनी आधी सांगून ठेवलं असेल तर काढता येतो, अट एकच, बोर्डाने मान्यता दिलेला रेडिएशन सेफ्टीचा कोर्स पास पाहिजे. तो नसेल तर ते बटण दाबायचं नाही, मग तुम्ही कॉलेजात शेकड्याने आयओपीए (दातांचे छोटे एक्स-रे) काढलेले असोत. उलट रबर डॅम (दाताभोवतीचा रबरी पडदा) लावणं, मॅट्रिक्स (फिलिंगसाठीची पट्टी) बांधणं, टॉपिकल फ्लोराइड, लाइट क्युअर (दिव्याने फिलिंग घट्ट करणं), ऑर्थोच्या म्हणजे दात सरळ करायच्या तारांच्या लिगेचर टाय आणि वायर काढणं ही आपल्याला किरकोळ वाटणारी कामं मात्र डायरेक्टमध्ये. टाके काढायचे तर डॉक्टरांनी जखम आधी बघितलेली पाहिजे, तुम्ही बघून "छान भरलीय" म्हणणं पुरत नाही. नायट्रस ऑक्साइड (पेशंटला शांत करणारा गॅस) चालू असताना मदत करता येते पण गॅस सुरू करणं किंवा नॉब कमीजास्त करणं आपल्या मनाने नाही, डॉक्टर खुर्चीशेजारी असतील आणि त्यांनी सांगितलं तरच. आणि निदान, औषध लिहून देणं, कायमचं फिलिंग करणं, कापणं, टाके घालणं, दात काढणं हे तर सुपरव्हिजन कुठलीही असली तरी नाहीच. पेशंट खुर्चीत बसल्या बसल्या तुम्हाला विचारतात की हा दात काढावा लागेल का हो, कारण त्यांना कळतं तुम्हाला येतंय, तेव्हा हसून डॉक्टर सांगतील म्हणायचं. मला हे सगळ्यात जड गेलं, खरं सांगते.

कोणी डॉक्टर म्हणाले की तू तर डेंटिस्टच आहेस ना, कर बिनधास्त, तर बिनधास्त करू नका. लायसन्सशिवाय डेंटिस्ट्री करणं हा गुन्हा आहे, आणि उद्या तुम्हाला स्वतःचं लायसन्स काढायचंय तेव्हा त्याच बोर्डापुढे उभं राहायचंय.

हायजिनिस्टचं गणित वेगळं. आपल्याकडेही १९४८ च्या डेंटिस्ट अॅक्टमध्ये डेंटल हायजिनिस्ट आहे, दात स्केल, क्लीन, पॉलिश करणारी व्यक्ती म्हणून, पण प्रत्यक्षात स्केलिंग बहुतेक ठिकाणी डॉक्टरच करतात म्हणून आपल्याला ती भूमिका नीट माहीत नसते. इकडे तो स्वतंत्र लायसन्सचा पेशा आहे, कनेक्टिकटमध्ये डॉ. आल्फ्रेड फोन्स यांनी १९०६ मध्ये आपल्या असिस्टंट आयरीन न्यूमन यांना शिकवलं तिथपासूनचा, आणि त्यांची सुपरव्हिजनही सैल असते. बऱ्याच राज्यांत स्केलिंग, रूट प्लेनिंग (हिरडीखालची सफाई) जनरलमध्ये चालतं आणि भूल द्यायची तर डॉक्टर ऑफिसात हजर लागतात. कोलोरॅडोत १९८७ पासून हायजिनिस्ट डॉक्टरांच्या सुपरव्हिजनशिवायसुद्धा काम करू शकतात, टेक्सासने मात्र त्यांना लोकल अॅनेस्थेशिया द्यायची परवानगी दिली ती थेट २०२३ मध्ये. कॅलिफोर्नियात ऑल्टरनेटिव्ह प्रॅक्टिसवाले हायजिनिस्ट असतात, ते वृद्धाश्रमात, शाळेत, घराबाहेर न पडू शकणाऱ्यांच्या घरी जाऊन काम करतात.

पण बीडीएसवर थेट हायजिनिस्ट होता येतं का? कॅलिफोर्नियात नाही, कोडा या डेंटल कोर्सना मान्यता देणाऱ्या संस्थेची मान्यता असलेला हायजिनचा कोर्स पूर्ण करावाच लागतो, मग एनबीडीएचई ही राष्ट्रीय लेखी परीक्षा, आणि लायसन्स देणारं बोर्डही वेगळं, असिस्टंटचं डेंटल बोर्ड आणि हायजिनिस्टचं डेंटल हायजिन बोर्ड, चुकीच्या बोर्डाकडे अर्ज पाठवणाऱ्या दोघी मला माहीत आहेत. फ्लोरिडात मात्र परदेशी डेंटल पदवीवर हायजिनची परीक्षा देण्याची वाट कायद्यातच ठेवलेली आहे, किमान चार वर्षांच्या डेंटल शिक्षणाच्या मार्कशीट-ट्रान्सक्रिप्ट आणि तुमची पदवी इकडच्या डीडीएस किंवा डीएमडी या डेंटिस्टच्या पदव्यांच्या तोडीची आहे असा मूल्यांकनाचा अहवाल द्यावा लागतो. त्यामुळे ज्यांना घर बदलणं शक्य आहे त्यांनी फ्लोरिडाचा विचार जरूर करावा. नवऱ्याची नोकरी रिमोट असेल तर तर नक्कीच.

आता अर्ज आणि कागद.

साधी असिस्टंट व्हायला बोर्डाकडे अर्जच नसतो, क्लिनिक तुम्हाला थेट घेतं. पण तीन कोर्स लागतात, आठ तासांचा इन्फेक्शन कंट्रोल, दोन तासांचा राज्याच्या कायद्याचा म्हणजे डेंटल प्रॅक्टिस अॅक्ट आणि बीएलएस, म्हणजे सीपीआरचं प्रशिक्षण. ते आधीच करून ठेवा, रिझ्युमेत हे तीन असले की फोन लवकर येतो. बीएलएस पूर्ण ऑनलाइनवालं घेऊ नका, पुतळ्यावर प्रत्यक्ष हात मारून दाखवावं लागतं तेच चालतं. रुजू झालात की तीन कामाच्या दिवसांत आय-९ फॉर्मसाठी (काम करायचा हक्क आहे हे दाखवणारा) मूळ कागद दाखवावे लागतात, ईएडी कार्ड एकटं पुरतं, फोटोकॉपी नाही. सोशल सिक्युरिटी नंबर. आणि हिपॅटायटिस बीची लस, ती क्लिनिकने तुम्हाला काम सुरू केल्यापासून १० कामाच्या दिवसांत फुकट द्यायची असते, पण भारतात इंटर्नशिपच्या वेळी घेतलेल्या डोसचा कागद किंवा टायटरचा (रक्तातल्या अँटिबॉडींच्या तपासणीचा) रिपोर्ट असेल तर आणा, परत टोचून घ्यायचं वाचतं.

पुढची पायरी रजिस्टर्ड डेंटल असिस्टंट, आरडीए. एक वाट मान्यताप्राप्त आरडीए कोर्सची, दुसरी अनुभवाची, किमान १५ महिने आणि १,२८० तास. हा अनुभव अमेरिकेतल्या लायसन्स असलेल्या डेंटिस्टकडचा लागतो, पुण्यातली किंवा लातूरमधली स्वतःची प्रॅक्टिस यात धरत नाहीत, कितीही वर्षांची असो. अर्ज ब्रीझ नावाच्या ऑनलाइन सिस्टिममधून, सोबत वरचे कोर्स, रेडिएशन सेफ्टी, कोरोनल पॉलिशिंगचं सर्टिफिकेट, लाइव्ह स्कॅनवर (डिजिटल पद्धतीने) बोटांचे ठसे आणि अनुभवाचा फॉर्म, ज्यावर डॉक्टरांची सही. मग एक लेखी परीक्षा, त्यातच कायदा आणि एथिक्सचे प्रश्न. कोरोनल पॉलिश (दाताच्या दिसणाऱ्या भागाचं पॉलिश) म्हणजे पूर्ण प्रोफिलॅक्सिस (दातांची संपूर्ण सफाई) नव्हे बरं का, हेही परीक्षेत विचारतात आणि क्लिनिकमध्येही विसरतात.

सहीच्या बाबतीत माझं ऐका. मी पहिल्या ठिकाणी नऊ महिने केले आणि त्या डॉक्टरांनी प्रॅक्टिस विकून टाकली, नवीन मालक म्हणे मी तुला ओळखत नाही, जुने डॉक्टर दुसऱ्या राज्यात, ईमेलला उत्तर नाही, सहीसाठी चार महिने मागे लागले तेव्हा कुठे फॉर्म मिळाला. तेव्हापासून मी सगळ्यांना सांगते, नोकरी सोडताना, किंवा नुसती सोडायचा विचार मनात आला तरी, त्या दिवसापर्यंतच्या तासांवर सही घेऊन ठेवा आणि पे स्टब (पगाराच्या पावत्या) जपून ठेवा.

दुसऱ्या राज्यात असाल तर डॅन्ब या असिस्टंटच्या परीक्षा घेणाऱ्या राष्ट्रीय संस्थेची सीडीए (सर्टिफाइड डेंटल असिस्टंट) परीक्षा अनेक ठिकाणी कामी येते, तिचे तीन भाग असतात, रेडिएशन, इन्फेक्शन कंट्रोल आणि चेअरसाइड (खुर्चीशेजारची मदत). तिच्या पात्रतेत परदेशी डेंटल पदवीचाही मार्ग आहे, म्हणजे ३,५०० तासांच्या अनुभवाची वाट बघायला लागत नाही. कॅलिफोर्नियात सीडीए म्हणजे आरडीए नव्हे, ते वेगळंच काढावं लागतं.

शेवटची कटकट नावाची, आणि ही खास आपल्या बायकांची. डिग्रीवर माहेरचं आडनाव आणि मधे वडिलांचं नाव, पासपोर्टवर सासरचं आडनाव आणि मधे नवऱ्याचं, ईएडीवर मधलं नाव कापलेलं, आणि कोर्सच्या सर्टिफिकेटवर ज्याने टाइप केलं त्याच्या मर्जीप्रमाणे. लग्नाचं सर्टिफिकेट इंग्रजीत काढून आणा, मराठीच असेल तर भाषांतर करून घ्या, आणि इकडचा प्रत्येक कोर्स लावताना नाव अक्षरशः ईएडीवर आहे तसंच द्या, एक अक्षर इकडेतिकडे नको. विद्यापीठाच्या ट्रान्सक्रिप्ट भारतात असतानाच, सीलबंद, दोन-तीन सेट काढा, नाशिकला आरोग्य विद्यापीठात कोणाला तरी पाठवून इथून काढायच्या म्हणजे सासऱ्यांना हेलपाटे.

लायसन्स मिळालं की दर दोन वर्षांनी रिन्यू, त्यात २५ तासांचं कंटिन्युइंग एज्युकेशन, त्यातही इन्फेक्शन कंट्रोल आणि डेंटल प्रॅक्टिस अॅक्ट परत आहेच. बीएलएसची मुदतही दोनच वर्षांची असते आणि दोन्ही तारखा कधीच एकत्र येत नाहीत, फोनमध्ये दोन वेगळे रिमाइंडर लावा.