डम्पिंगच्या गॅसवर वीज: फाइल परत का येते?

मुंबईत डम्पिंग ग्राउंडवरच्या कचऱ्यातून निघणाऱ्या गॅसवर वीज करायची तर परवानग्यांसाठी अर्ज लागतात. ते पालिका स्वतः करू शकते, किंवा तिच्याशी करार झालेला ठेकेदार. मात्र करारात गॅसचा वापर आणि वीजविक्री यांचा स्पष्ट उल्लेख हवा. नुसता कचरा पुरण्याचा करार जोडलात तर त्रुटीपत्र ठरलेलेच. आधी पुरवणी करार करून घ्या.

सगळ्यात जास्त फायली अडतात त्या गॅसच्या अहवालावर. किती टन कचरा पडला त्यावरून सूत्राने गॅस काढायचा आणि तोच कागद जोडायचा, ही जुनी खोड. खरा हवा तो कचऱ्यात विहिरी खोदून, पंप लावून केलेल्या चाचणीचा अहवाल, आणि तो बहुतेकांकडे नसतोच. 100 किलोवॉटच्या इंजिनाला 50 टक्के मिथेन असलेला गॅस तासाला साधारण 55 ते 60 घनमीटर लागतो. शिवाय डम्पिंग बंद झाले की गॅस वर्षागणिक घटतो. गोराईचे डम्पिंग 1972 ला सुरू होऊन 2007 ला बंद झाले; अशा जागी जुन्या टनांच्या भरवशावर इंजिन मागवू नका. चाचणी पावसाळ्यात नको, कारण विहिरींत लीचेट (कचऱ्यातून झिरपणारे घाण पाणी) साचते आणि गॅस कमी दिसतो. अहवाल हातात आला की आधी ऑक्सिजनचा रकाना पाहा. तिथला आकडा चढा असेल तर पंपाने बाहेरची हवा ओढली आहे, चाचणी पुन्हा करा.

प्रदूषण नियंत्रण मंडळाची ‘एस्टॅब्लिश’ संमती फक्त उभारणीपुरती असते. इंजिन चालवायला ‘ऑपरेट’ वेगळी. प्राधिकारपत्राच्या (कचरा हाताळायला मंडळ देते त्या परवानगीच्या) नूतनीकरणाचा अर्ज मुदत संपण्याआधीच द्यायचा असतो; 2016 च्या घनकचरा नियमांत तो किमान 60 दिवस आधी द्यायचा होता. लोक हे 60 दिवस मुदत संपल्यानंतरचे समजत! कॅलेंडरवर आत्ताच खूण करा.

देवनार, कांजूर, गोराई, सगळ्या जागा खाडीलगतच्या. सीआरझेडचा (किनारी नियमन क्षेत्राचा) नकाशा अधिकृत संस्थेकडूनच घ्या, आर्किटेक्टने काढलेला चालत नाही.

वीज जोडणीचा अर्ज जागेप्रमाणे: भांडुप-मुलुंडला महावितरण, शहरात बेस्ट, बाकी उपनगरांत बहुतेक ठिकाणी अदानी किंवा टाटा. चुकीच्या कंपनीकडे गेलेली फाइल कोणी आपणहून पुढे पाठवत नाही.

विद्युत निरीक्षकांकडून आधी नकाशे मंजूर करून घ्या, मग तपासणी. त्यांची परवानगी येण्याआधी साहेबांच्या हस्ते उद्घाटनाची तारीख ठरवू नका. निरीक्षक त्या तारखेला बांधील नसतात.