बोट भिंतीकडे गेलं पाहिजे

आमच्याकडे स्पीकर ऐकायला आलात की आधी डोळे मिटायला सांगू. मग एकाच गायिकेचं मोनो रेकॉर्डिंग लावू, म्हणजे दोन्ही स्पीकरमधून अगदी तेच. ती कुठे उभी आहे, बोट दाखवा. जोडी चांगली असेल तर बोट दोन्ही स्पीकरांच्या मधल्या मोकळ्या भिंतीकडे जातं. आवाज तिथे नेमका न बसता खोलीभर पसरला, तर ती जोडी घेऊ नका, बास कितीही दणदणीत असो.

आवाज कुठून आला हे कान मुख्यतः वेळेच्या आणि जोराच्या फरकावरून ओळखतात. अगदी बाजूने आलेला आवाज पलीकडच्या कानाला जेमतेम 0.7 मिलिसेकंद उशिरा पोचतो, तेवढं पुरतं. दोन्हीकडून सारखंच, एकाच वेळी आलं की मेंदू गायिका मधोमध उभी करतो. इंग्रज अभियंते अ‍ॅलन ब्लमलाइन यांनी 1931 साली स्टिरिओच्या पेटंटसाठी अर्ज केला, तो कानांची ही सवय हेरूनच.

हा खेळ बिघडवतं ते बहुतेक वेळा खोकं. स्पीकरच्या कुशीवर बोटाने टकटक करा. ‘ठक्’ असा बसका आवाज यावा. रिकाम्या डब्यासारखा घुमला तर गाण्यातही घुमणार. दुसरी गोष्ट कडा. ट्वीटरचा, म्हणजे खोक्यातल्या उंच सुरांच्या छोट्या स्पीकरचा, आवाज समोरच्या फळीवरून सरकत कडेपाशी पोचतो आणि तिथून किंचित उशिराने पुन्हा फुटतो. हा उशिरा आलेला आवाजच कानाला खोक्याचा पत्ता देतो. म्हणून अरुंद फळी आणि गोलसर कडा बऱ्या. ऐकताना दोन पावलं बाजूलाही सरका. तबल्याची चाट लगेच बोथट झाली तर बाजूला जाणारा आवाज नीट नाही, आणि खोलीच्या भिंतींवरून तोच तुमच्याकडे परतणार आहे.

आमचं मत विचाराल तर मध्यम खोलीत छोटे टू-वे स्पीकर, म्हणजे उंच आणि खालच्या सुरांना वेगळा भाग असलेले, मोठ्यांपेक्षा सहज नाहीसे होतात: आवाज खोक्यातून येतोय असं वाटत नाही. खालचे सूर थोडे कमी मिळतात, हे मात्र आधीच सांगतो.

घरी नेल्यावर कपाटाच्या खणात कोंबू नका. दोन स्पीकर आणि तुम्ही, तिघांमध्ये सारखं अंतर ठेवा. ट्वीटर कानाच्या उंचीवर हवा. आवाज 1 मिलिसेकंदात साधारण 34 सेंटिमीटर जातो, त्यामुळे भिंतीला चिकटलेल्या स्पीकरचा मागून परतणारा आवाज मूळ आवाजातच मिसळतो. दोन फूट पुढे ओढलात तर तो साडेतीन मिलिसेकंद मागे पडतो आणि आवाजाचं चित्र स्वच्छ होतं.

एका ग्राहकाने आठवड्यात जोडी परत आणली होती. बास गायब, गायिका कुठेच सापडेना. जाऊन पाहिलं तर एका स्पीकरची लाल-काळी वायर उलटी जोडलेली. आता बसवून झालं की पहिली नजर तिथेच टाकतो.