सेतो काइबा

सेतो काइबा हा काझुकी ताकाहाशी यांच्या ‘यू-गी-ओह!’ या जपानी मांगा (चित्रकथा) मालिकेतला आणि तिच्यावरून निघालेल्या ॲनिमे (जपानी ॲनिमेशन) मालिकांमधला नायकाचा प्रमुख प्रतिस्पर्धी. शाळकरी वयातच तो काइबा कॉर्पोरेशन या कंपनीचा मालक आहे. राहतो डोमिनो शहरात, नाव घातले आहे नायक युगी मुतो याच्याच शाळेत, आणि जीव जडला आहे ‘ब्लू-आइज व्हाइट ड्रॅगन’ नावाच्या खेळण्याच्या एका पत्त्यावर. कथेत तो खलनायक म्हणून येतो, पण फार काळ खलनायक राहत नाही. मित्र मात्र शेवटपर्यंत होत नाही.

मालिकेतला खेळ रमी किंवा मेंढीकोटासारखा बावन्न पत्त्यांचा नव्हे. प्रत्येक खेळाडू स्वतः जमवलेल्या पत्त्यांतून आपला कॅट (चाहत्यांच्या बोलीत ‘डेक’) रचून आणतो. पत्त्यांवर राक्षस, मंत्र आणि सापळे असतात. राक्षसाच्या पत्त्यावर हल्ल्याचे आणि बचावाचे गुण छापलेले असतात, आणि समोरच्याचे आयुष्यगुण शून्यावर आणले की डाव जिंकला. मांगात या खेळाचे नाव ‘मॅजिक अँड विझर्ड्स’ आहे, ॲनिमेत ‘ड्युएल मॉन्स्टर्स’. ब्लू-आइजचा हल्ला ३०००, बचाव २५००. सुरुवातीच्या मांगात खेळाडूला आयुष्यगुण मिळत २०००. म्हणजे हा ड्रॅगन मोकळ्या पटावर एकदा फुंकरला की खेळ खलास. काइबाला हाच पत्ता का हवा, याचे पहिले उत्तर इतके साधे आहे.

नाव आणि निर्मिती

‘काइबा’ या जपानी शब्दाचा अर्थ समुद्रघोडा. मेंदूत स्मरणाशी निगडित असलेल्या एका भागालाही जपानीत हेच नाव आहे. भूतकाळ झटकून टाकायची भाषा सतत करणाऱ्या माणसाला ते मिळावे, हा योगायोग असला तरी झकास आहे. ‘सेतो’ म्हणजे इजिप्तच्या सेत या देवाच्या नावाचे जपानी रूप. धाकट्या भावाचे नाव मोकुबा, म्हणजे लाकडी घोडा.

‘यू-गी-ओह!’ १९९६ साली ‘वीकली शोनेन जंप’ या साप्ताहिकात सुरू झाली आणि २००४ पर्यंत चालली. तिचे ३८ खंड निघाले. सुरुवातीला ती पत्त्यांची कथा नव्हतीच. दर भागात वेगळा खेळ आणि एखाद्या दुष्टाला अद्दल, असा तिचा साचा होता. नवव्या प्रकरणात पत्त्यांचा खेळ आणि काइबा दोघेही एकदमच अवतरले. ताकाहाशींच्या मनात हा खेळ एक-दोन प्रकरणांपुरताच होता, पण वाचकांची पत्रे इतकी आली की तो परत आणावा लागला आणि पुढे सगळी मालिकाच त्याने व्यापली. त्या खेळासोबत काइबाही परतला.

त्याचा स्वभाव कुठून आला, याची एक आठवण ताकाहाशींनी सांगितली आहे. त्यांच्या मित्राला एका पत्त्यांच्या खेळाची गोडी लागली. त्याने एका जाणत्या खेळाडूला शिकवण्याची विनंती केली, तेव्हा उत्तर मिळाले की आधी दहा हजार पत्ते जमव, मग ये. हा तुसडेपणा काइबामध्ये जसाच्या तसा उतरला आहे. ताकाहाशींचे २०२२ च्या जुलैमध्ये ओकिनावाच्या समुद्रात, बुडणाऱ्यांना वाचवण्याच्या प्रयत्नात निधन झाले.

चोरी, सूड आणि फाटलेला पत्ता

युगीचे आजोबा सुगोरोकू यांचे खेळण्यांचे दुकान आहे. त्यांच्याकडे ब्लू-आइजचा एक पत्ता असतो, मित्राने दिलेली भेट. काइबा पेटीभर पत्ते पुढे करून तो मागतो, आजोबा नकार देतात, तेव्हा तो नक्कल ठेवून अस्सल पत्ता लांबवतो. युगीच्या अंगात वसणारा प्राचीन फॅरोचा (इजिप्तच्या राजाचा) आत्मा त्याला छायाखेळात, म्हणजे हरणाऱ्याला जादूने शिक्षा देणाऱ्या खेळात, ओढतो. तिथे काइबा चोरीचा ड्रॅगन पटावर आणतो खरा, पण ड्रॅगन त्याच्यासाठी लढायला तयार होत नाही. स्वतःच नष्ट होतो. मालाची मालकी आणि मालाची निष्ठा या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, हे धंदेवाल्या मुलाला इथे पहिल्यांदा कळायला हवे होते. त्याला कळते ते एवढेच की आपण हरलो.

पुढचा ‘डेथ-टी’ हा भाग म्हणजे सूड. काइबा एक मनोरंजन नगरी उभारतो आणि तिच्यात जीवघेणे खेळ मांडतो. तोवर त्याने जगातल्या चार ब्लू-आइजपैकी तीन मिळवलेले असतात. आजोबांना हरवून तो चौथा हातात घेतो आणि सरळ फाडतो. या कृतीला निव्वळ क्रौर्य समजणे चूक ठरेल. खऱ्या खेळात एका कॅटमध्ये एकाच पत्त्याच्या तीनपेक्षा जास्त प्रती चालत नाहीत. चौथी प्रत म्हणजे फक्त दुसऱ्या कुणाच्या हातातले शस्त्र. हिशेब बिनचूक आहे आणि म्हणूनच अंगावर येतो. शेवटी युगी ‘एक्झोडिया’ या पाच पत्त्यांत विभागलेल्या राक्षसाचे पाचही तुकडे हातात जुळवून त्याच्या तिन्ही ड्रॅगनना नामोहरम करतो आणि शिक्षा म्हणून काइबाचे मन चूर होते. मनाचे ते तुकडे जुळवत तो दीर्घकाळ बेशुद्ध पडून राहतो. ॲनिमेच्या २००० सालच्या मालिकेने ही सगळी वाटचाल पहिल्याच भागात उरकली, त्यामुळे केवळ ॲनिमे पाहिलेल्यांना काइबाचा हा काळाकुट्ट आरंभ बहुधा ठाऊक नसतो.

त्याच्या क्रौर्यामागची गोष्ट मोकुबाच्या तोंडून कळते. आई-वडील गेले, नातलगांनी पैसा गिळला आणि दोघे भाऊ अनाथालयात आले. बुद्धिबळात नावाजलेला उद्योगपती गोझाबुरो काइबा तिथे भेटीला आला, तेव्हा सेतोने त्याला पैजेवर डाव खेळायला लावला: मी जिंकलो तर आम्हा दोघांना दत्तक घ्या. तो जिंकला. मांगात तर हा विजय लबाडीचा आहे. नव्या घरात त्याचे बालपण अभ्यास आणि शिक्षा यांतच सरले. पुढे त्याने बापाची कंपनी बापाच्याच हातून काढून घेतली, शस्त्रास्त्रांचा धंदा बंद केला आणि खेळांचा सुरू केला. मांगात गोझाबुरो खिडकीतून उडी टाकून जीव देतो.

हरणे आणि हरवणे

‘ड्युएलिस्ट किंगडम’ या भागात खेळाचा निर्माता पेगासस मोकुबाला पळवून नेतो. पेगाससपर्यंत पोहोचायचे तर आधी युगीला हरवणे भाग असते. किल्ल्याच्या छतावर डाव हातून निसटताना दिसतो, तसा काइबा कठड्यावर जाऊन उभा राहतो: आता हल्ला केलास तर धक्क्याने मी खाली पडेन. युगी थांबतो आणि काइबा जिंकतो. फॅरोविरुद्ध त्याच्या नावावर एवढा एकच विजय आहे, आणि तो पत्त्यांच्या जोरावर मिळवलेला नाही. स्वतःचा जीव भावासाठी पणाला लावणारा आणि त्याच क्षणी दुसऱ्याच्या दयेचा डावपेच म्हणून वापर करणारा, असा हा माणूस आहे. माझ्या मते त्याचे पात्र कळायला हा एक प्रसंग पुरतो. पुढे पेगासस सहस्रनेत्र या आपल्या जादूच्या डोळ्याने त्याचे मन वाचून त्याला सहज हरवतो.

‘बॅटल सिटी’ ही स्पर्धा तर काइबा स्वतःच भरवतो. हातावर बांधायची, पत्ते मांडण्याची ड्युएल डिस्क त्याच्या कंपनीची, अख्खे शहर हेच मैदान, आयुष्यगुण ४०००, आणि हरणाऱ्याने आपला सर्वांत दुर्मीळ पत्ता जिंकणाऱ्याच्या हवाली करायचा. बलाढ्य राक्षस उतरवायचा तर आधी पटावरचे दुसरे राक्षस बळी द्यायचे, हा नियमही त्याच्याच स्पर्धेत पक्का झाला. म्हणजे आपल्या लाडक्या ड्रॅगनची वाट त्याने स्वतःच अवघड करून घेतली. तीन देवपत्त्यांपैकी ‘ओबेलिस्क’ त्याला इजिप्शियन संशोधिका इशिझू हिने दिलेला असतो. पुढे तिच्याशीच डाव पडतो. तिला भविष्य दिसते आणि काइबा ओबेलिस्कने हल्ला करून हरणार, हे तिने आधीच पाहिलेले असते. ऐन वेळी तो ओबेलिस्कचाच बळी देऊन ब्लू-आइज उतरवतो आणि जिंकतो. देव बाजूला सारून त्याने ड्रॅगन निवडला. हे प्राक्तन की मर्जी, या प्रश्नावर त्याचे उत्तर ठरलेले: माझी मर्जी.

उपान्त्य फेरीत युगी त्याला हरवतो. अंतिम सामने ज्या अल्काट्राझ बेटावर होतात, तिथे गोझाबुरोचा शस्त्रांचा कारखाना होता आणि त्याच्याच अवशेषांवर काइबाने मनोरा उभा केलेला असतो. स्पर्धा संपल्यावर तो बेटासकट मनोरा उडवून देतो आणि मोकुबाबरोबर विमानाने निघून जातो.

इजिप्तच्या भागात त्याचे पूर्वरूप भेटते: युगीच्या अंगातला आत्मा ज्याचा, त्या फॅरो अतेमच्या दरबारातला पुजारी सेतो. किसारा नावाच्या गोऱ्या, निळ्या डोळ्यांच्या मुलीच्या आत्म्यात पांढरा ड्रॅगन वसलेला असतो आणि तिच्या मृत्यूनंतर तो सेतोच्या पाठीशी उभा राहतो. पुढे अतेम त्यालाच गादी देतो. काइबाच्या ध्यासाला तीन हजार वर्षांचे कारण जोडल्याने कथा भव्य झाली हे खरे, पण थोडे नुकसानही झाले. केवळ हट्टापायी एका पत्त्यामागे धावणारा मुलगा जास्त चमत्कारिक होता.

ॲनिमे, अनुवाद, बाजार

१९९८ च्या तोएई निर्मित २७ भागांच्या मालिकेत काइबाचे केस चक्क हिरवे आहेत आणि आवाज हिकारू मिदोरिकावा यांचा. २००० ते २००४ या काळात चाललेल्या २२४ भागांच्या ‘ड्युएल मॉन्स्टर्स’मध्ये केस तपकिरी झाले आणि आवाज केन्जिरो त्सुदा यांचा आला. गडगडाटी हसू आणि ड्रॅगनचे गुणगान करणाऱ्या टाळीबाज आरोळ्या यांमुळे जपानमध्ये हाच काइबा रूढ झाला. युगीचा मित्र जोनोउची याला तो ‘बोन्कोत्सु’, म्हणजे सामान्य वकुबाचा माणूस, म्हणून हिणवतो. इंग्रजी आवृत्तीत एरिक स्टुअर्ट यांनी त्याला थंड, उपहासाचा सूर दिला. तिथे मृत्यूचे उल्लेखही पुष्कळ सौम्य केले गेले. पैशाच्या जोरावर नियम धाब्यावर बसवणारे त्याचे जे प्रसिद्ध वाक्य इंटरनेटवर फिरते, ते मात्र मूळ मालिकेतले नाही. २००६ मध्ये सुरू झालेल्या एका चाहत्याच्या विडंबनातले ते आहे.

कोनामी कंपनीने १९९९ मध्ये हा खेळ प्रत्यक्ष बाजारात आणला. २००२ मध्ये तो इंग्रजीत आला तेव्हा पहिल्या संचाचे नाव ब्लू-आइजवरूनच ठेवले होते, आणि नवशिक्यांसाठी दोन तयार कॅट निघाले: एक युगीचा, एक काइबाचा. जगात चारच असलेला पत्ता आता कुठल्याही पोराच्या खिशात असू शकतो. खऱ्या खेळात मात्र आयुष्यगुण ८००० आहेत, त्यामुळे ड्रॅगनच्या एका फटक्यात काही होत नाही.

पात्रपरिचयाच्या अधिकृत पुस्तकात त्याची उंची १८६ सेंटिमीटर आणि जन्मदिवस २५ ऑक्टोबर दिला आहे. आवडते जेवण बीफ फिले, नावडते ओदेन. ओदेन म्हणजे जपानी गल्लीतल्या गाड्यांवर हिवाळ्यात मिळणारे रस्सेदार, साधेसुधे खाणे.

२०१६ चा चित्रपट

मांगात अतेमच्या निरोपाच्या अखेरच्या डावाला काइबा हजर नाही, ॲनिमेत आहे. २३ एप्रिल २०१६ रोजी जपानमध्ये प्रदर्शित झालेला ‘द डार्क साइड ऑफ डायमेन्शन्स’ मांगाचा धागा पकडतो. कथा ताकाहाशींचीच. त्यात काइबा संगणकाकरवी अतेमची हुबेहूब प्रतिमा घडवून तिच्याशी खेळतो आणि जिंकतो, पण समाधान होत नाही. मग अतेमचा आत्मा ज्यात वसत होता, ते वाळूत गाडलेले सहस्रकोडे तो उकरून काढतो, त्याचे तुकडे जुळवायला आकाशात यंत्रणा उभारतो, आणि कोड्यात अतेम नाही हे कळल्यावरही थांबत नाही. शेवटी कंपनी मोकुबाच्या हाती सोपवून तो यंत्राच्या साहाय्याने परलोकात उतरतो. समोर सिंहासनावर अतेम बसलेला असतो. तो उठून उभा राहतो. डाव कोण जिंकले, हे चित्रपट दाखवत नाही.