मोठ्या आपत्तीत देशाने बाहेरची मदत कशी मागायची? पात्रता, प्रक्रिया आणि कागदपत्रे

ढिगाऱ्याखाली अडकलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पहिल्या तीन दिवसांनंतर झपाट्याने घटते. म्हणून नुसतं ‘मदत पाठवा’ असं पत्र कुठल्याच सरकारने लिहू नये. काय हवं, किती हवं आणि कुठे उतरवायचं, हे पहिल्याच पत्रात यायला हवं.

मागण्याचा अधिकार बाधित देशाच्या सरकारचा. संयुक्त राष्ट्रांच्या महासभेने १९९१ मध्ये केलेला ठराव ४६/१८२ सांगतो, की मदत त्या देशाच्या संमतीने आणि तत्त्वतः त्याच्या आवाहनावरूनच द्यायची. पत्रावर सही कोणाची, हे राष्ट्रीय आराखड्यात आधीच ठरलेलं हवं. ऐनवेळी हा घोळ नको.

विनंती संयुक्त राष्ट्रांच्या निवासी समन्वयकामार्फत, म्हणजे त्या देशातल्या त्यांच्या प्रमुख प्रतिनिधीमार्फत, पाठवता येते. समन्वयासाठी येणारं ‘अंडॅक’ (संयुक्त राष्ट्रांचं आपत्ती आढावा व समन्वय) पथक साधारण १२ ते ४८ तासांत पोहोचतं, आणि त्याचा खर्च बाधित देशावर पडत नाही. शोध-बचाव पथक मागताना मात्र प्रकार लिहा. ‘मध्यम’ पथक एका ठिकाणी सात दिवस, तर ‘जड’ पथक एकाच वेळी दोन ठिकाणी दहा दिवस, चोवीस तास काम करू शकतं. सळईच्या काँक्रीटच्या इमारती कोसळल्या असतील तर जडच मागा.

उपग्रहचित्रांसाठी २००० सालापासून ‘अंतराळ आणि मोठ्या आपत्ती’ हा आंतरराष्ट्रीय करार आहे. त्यात नोंदणी झालेली अधिकृत संस्था कोणत्याही वेळी विनंती करू शकते. चित्रं मोफत मिळतात. ही नोंदणी संकटाआधीच करून ठेवावी. संयुक्त राष्ट्रांच्या केंद्रीय आपत्कालीन निधीसाठी सरकार थेट पात्र नाही. तो संयुक्त राष्ट्रांच्याच संस्थांना मिळतो.

खरी अडचण कागदपत्रांत. पथक विमानतळावर उतरतं, सोबत शोधकुत्रा. त्याचा लसीकरण दाखला कोण तपासणार? डॉक्टरांच्या परवान्याला तात्पुरती मान्यता, व्हिसा, यंत्रांवरची सीमाशुल्क माफी, या सगळ्यांचे आदेश शांततेच्या काळातच तयार हवेत. आलेल्या औषधांची किमान एक वर्षाची मुदत शिल्लक असावी आणि लेबल तिथल्या आरोग्य कर्मचाऱ्यांना वाचता यावं. न वाचता येणारं खोकं गोदामात नुसती जागा अडवतं.

शोधाचा टप्पा संपल्याचं सरकारच जाहीर करतं. त्यानंतर पथकं आल्यावर जिथे नोंदली गेली, त्याच कक्षात जाण्याची नोंद करून परततात.