आमदाराची मालमत्ता कळते, मत कळत नाही

विधानसभेचा उमेदवारी अर्ज भरला की पहिल्या दोन दिवसांत बातम्या येतात त्या अर्जासोबतच्या प्रतिज्ञापत्राच्या. उमेदवाराकडे जमीन किती, सोने किती, गुन्हे कोणते, शिक्षण काय. हे सारे मतदाराला घरबसल्या वाचता येते, पण ही सोय कोणत्याही सरकारने आपणहून दिलेली नाही.

अहमदाबादच्या आयआयएममधील काही प्राध्यापक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'असोसिएशन फॉर डेमोक्रॅटिक रिफॉर्म्स' ही संस्था काढली आणि १९९९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल केली. न्यायालयाने २००० मध्ये त्यांच्या बाजूने कौल दिला. केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि तिथेही हरले: २ मे २००२ चा निकाल सांगतो की उमेदवाराची माहिती मिळणे हा मतदाराचा हक्क आहे. पुढे जे झाले ते विसरता कामा नये. अनेक विषयांवर एकमेकांचे तोंड न पाहणारे पक्ष या एका मुद्द्यावर एक झाले. लोकप्रतिनिधित्व कायद्यात ३३-ब हे कलम घुसवण्यात आले. न्यायालयाने काहीही म्हटले तरी कायद्यात आहे त्यापलीकडची माहिती द्यायला उमेदवार बांधील नाही, असा त्याचा अर्थ. १३ मार्च २००३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, तेव्हा कुठे आजचे प्रतिज्ञापत्र टिकले. रकाने कोरे सोडण्याची पळवाट २०१३ मध्ये बुजली. उत्पन्नाचा स्रोत सांगण्याची अट २०१८ मध्ये आली. गुन्हेगारी पार्श्वभूमी वृत्तपत्रांतून जाहीर करण्याचा आदेशही त्याच वर्षीचा.

म्हणजे माणूस निवडून येण्याआधी कोण होता, हे कळते. पण जो पाच वर्षे आमदार होता आणि पुन्हा मत मागायला दारात उभा आहे, त्याने सभागृहात कोणत्या विधेयकाला होकार दिला आणि कोणत्याला नकार? इथे मतदाराच्या हाती जवळजवळ काहीच लागत नाही.

कारण बहुतेक विधेयके आवाजी मतदानाने मंजूर होतात. अध्यक्ष म्हणतात, अनुकूल असतील त्यांनी 'होय' म्हणावे, प्रतिकूल असतील त्यांनी 'नाही'. आवाज उठतो, 'होय'चे बहुमत जाहीर होते, विधेयक संमत. त्या गजरात कोणाचा आवाज होता, कोण गप्प होता आणि कोण त्या वेळी सभागृहातच नव्हता, याचा मागमूस राहत नाही. सदस्यांनी मतविभाजन, म्हणजे एकेक मत मोजून घेणे, मागितले तरच आकडे आणि नावे पुढे येतात.

१२ नोव्हेंबर २०१४ चा दिवस महाराष्ट्राला आठवत असेल. भाजपकडे स्वतःचे बहुमत नव्हते. ४१ आमदारांच्या राष्ट्रवादीने बाहेरून पाठिंबा जाहीर केला होता. देवेंद्र फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव अध्यक्ष हरिभाऊ बागडे यांनी आवाजी मतदानाने संमत झाल्याचे जाहीर केले आणि शिवसेना व काँग्रेसची मतविभाजनाची मागणी मान्य झाली नाही. राष्ट्रवादीच्या कोणत्या आमदाराने त्या दिवशी काय केले, हे त्याच्या मतदारसंघाला कधीच नावानिशी कळले नाही. माझ्या मते ही मतदाराची थेट फसगत होती.

याउलट ३० नोव्हेंबर २०१९ रोजी उद्धव ठाकरे सरकारच्या ठरावावर शिरगणती झाली: बाजूने १६९, तटस्थ ४. एकनाथ शिंदे सरकारच्या ठरावावर ४ जुलै २०२२ रोजीही तसेच झाले: १६४ विरुद्ध ९९. मतदानाला हजर असलेला प्रत्येक जण मोजला गेला, आणि कोण कुठे होता हे गावागावात चर्चेत आले.

दुसरे कारण पक्षादेशाचे. १९८५ च्या ५२व्या घटनादुरुस्तीने पक्षांतरबंदी आली. पक्षाच्या प्रतोदाने काढलेला व्हिप, म्हणजे मत कसे द्यायचे याचा आदेश, मोडून मत दिले, तर आमदारकी जाऊ शकते. घोडेबाजार रोखायला हा कायदा हवाच होता, पण त्यामुळे साध्या विधेयकावरही आमदाराचे मत पक्षाच्या खिशात गेले. १९९२ च्या किहोतो होलोहान निकालात सर्वोच्च न्यायालयाने सुचवले होते की असा व्हिप सरकारच्या अस्तित्वाशी किंवा पक्षाच्या मूळ धोरणाशी निगडित मतदानापुरताच असावा. ती सूचना कायद्यात उतरली नाही.

हे अपरिहार्य आहे असेही नाही. बेळगावात वाढलेले श्री ठाणेदार २०२० मध्ये अमेरिकेतील मिशिगन राज्याच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेले. त्या राज्याच्या घटनेतच लिहिले आहे की विधेयकाच्या अंतिम मंजुरीची मते सदस्यांच्या नावांसह कामकाजाच्या नोंदीत आली पाहिजेत. त्यामुळे तिथला मतदार त्यांच्या पक्षाइतकेच त्यांचे एकेक मतही तपासू शकतो.

आपल्याकडे आमदाराची पारख मग इतर गोष्टींवरून करावी लागते: तारांकित प्रश्न (मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचे), लक्षवेधी सूचना (तातडीच्या विषयाकडे मंत्र्याचे लक्ष वेधणारी), कपात सूचना (खात्याच्या मागणीतली रक्कम कमी करा म्हणणारी), अर्थसंकल्पावरची भाषणे. शेतकरी कामगार पक्षाचे गणपतराव देशमुख १९६२ पासून ११ वेळा सांगोल्यातून निवडून आले, त्यातली बरीच वर्षे विरोधी बाकांवर. त्यांचे नाव राहिले ते सभागृहात नेटाने मांडलेल्या प्रश्नांमुळे. हे सगळे विधिमंडळाच्या कार्यवाहीत छापलेले असते. उमेदवार प्रचाराला आला की त्याच्या पाच वर्षांतल्या प्रश्नांची यादी त्याच्याकडेच मागावी.

९ डिसेंबर २०२४ रोजी नव्या फडणवीस सरकारचा विश्वासदर्शक ठराव विधानसभेत पुन्हा आवाजी मतदानानेच संमत झाला. या वेळी बहुमत एवढे स्पष्ट होते की कोणी शंका घेतली नाही. नावे मात्र याही वेळी नोंदली गेली नाहीत.