तासाची सायकल

सायकलच्या दुकानातून तासाच्या हिशेबाने भाड्याने आणलेली आणि उन्हाळ्याच्या सुट्टीत मुलांनी निव्वळ हौसेने फिरवलेली सायकल. ‘भाड्याची सायकल’ हे तिचे अधिक रुळलेले नाव. महाराष्ट्रातील शहरांत, तालुक्याच्या गावांत आणि बाजारपेठ असलेल्या मोठ्या खेड्यांत विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात, साधारण नव्वदच्या दशकापर्यंत, ही पद्धत चांगलीच रुजलेली होती. या सायकलीवरून कोणी कामाला जात नसे की शाळेला. ती आणायची, चकरा मारायच्या आणि तास भरायच्या आत परत नेऊन द्यायची, एवढाच तिचा उपयोग. तरीही महाराष्ट्रातल्या दोन-तीन पिढ्या सायकल शिकल्या त्या बहुतांशी याच तासांत, म्हणून या पद्धतीची नोंद खेळ म्हणून जितकी, तितकीच शिक्षण म्हणूनही घ्यायला हवी.

हंगाम

एप्रिलमध्ये वार्षिक परीक्षा संपते आणि जूनच्या मध्याला शाळा उघडतात. विदर्भात उन्हाच्या तडाख्यामुळे त्या आणखी उशिरा, जूनच्या अखेरीस सुरू होतात. या मधल्या दिवसांत मामाच्या, आजोळच्या घरी भावंडे जमत. हातात खाऊचे पैसे असत आणि दिवसभर करण्यासारखे ठरलेले काही नसे. पहाटे सहा-साडेसहापासून ऊन चढेपर्यंत आणि संध्याकाळी पाचनंतर सायकलींना मागणी असे. पण खरी गर्दी पुष्कळदा भर दुपारी होई, कारण त्या वेळी घरातली मोठी माणसे आडवी झालेली असत आणि रस्ते मोकळे असत. डांबर मऊ होऊन टायरला चिकटे, हँडल हाताला चटका देई, पण त्यामुळे कोणी घरी थांबल्याचे आठवत नाही.

सायकल भाड्यानेच का, याचे उत्तर त्या काळच्या घरखर्चात आहे. स्वातंत्र्यापूर्वी रॅले, हंबर, बीएसए अशा सायकली इंग्लंडहून येत. पुढे मद्रासला टीआय सायकल्स (1949), सोनीपतला अ‍ॅटलस (1951), लुधियान्याला हीरो (1956) असे कारखाने उभे राहिले आणि देशी सायकली मुबलक मिळू लागल्या. तरी सायकल घेणे हा नोकरदार घरात विचार करून, पैसे साठवून घ्यायचा निर्णय होता. घरात एक सायकल असे, ती वडिलांची. ती सकाळी त्यांच्याबरोबर कामावर जाई आणि संध्याकाळी परत आली की तिला हात लावायची मुभा नसे, फार तर रविवारी पुसायला मिळे. नगरपालिकेचा सायकल कर भरून मिळालेला धातूचा बिल्ला तिच्यावर लावलेला असे, आणि अंधारात दिव्याशिवाय किंवा डबलसीट जाताना पोलिसाने अडवले, तर चाकातली हवा जाई ती मालकाची. मुलांच्या हातात द्यायची वस्तू ती नव्हती.

दुकान आणि वही

भाड्याचा धंदा बहुधा दुरुस्तीच्या दुकानाला जोडून चाले. दुकानापुढे फळीला टेकवून सायकली एका ओळीत उभ्या. प्रत्येकीच्या मागच्या मडगार्डवर पांढऱ्या रंगात आकडा: 7, 12, 19. भाड्याच्या सायकलीचे कॅरिअर अनेक दुकानदार मुद्दाम काढून ठेवत, म्हणजे मागे दुसऱ्याला बसवता येऊ नये. घंटी असलीच तर वाजेलच असे नाही. ब्रेक दांडीचे, त्यांचे रबर झिजलेले, त्यामुळे चप्पल जमिनीला घासून थांबणे ही तेव्हाची रूढ पद्धत होती आणि सुट्टी संपेपर्यंत उजव्या चपलेची टाच गेलेली असे.

अनामत रक्कम क्वचितच मागितली जाई. ओळख हीच अनामत. “कुणाचा रे तू?” हा पहिला प्रश्न. “गिरणीमागं राहतो, मास्तरांचा नातू” असे उत्तर आले की दुकानदार काका वही उघडत. वहीत नाव, सायकलीचा नंबर आणि नेल्याची वेळ. परगावाहून सुट्टीला आलेल्या मुलाला गल्लीतला कोणी ओळखीचा बरोबर न्यावा लागे. या व्यवहारात मुलाला आपण कोणाच्या नावावर उभे आहोत हे पहिल्यांदा कळे, आणि चाक वाकडे करून आणले तर ते कोणाच्या कानावर जाईल हेही.

भाडे गावोगाव वेगळे होते. सत्तरच्या दशकात तासाला चार आणे-आठ आणे, नव्वदच्या सुमारास रुपया-दोन रुपये, असा सर्वसाधारण अनुभव सांगितला जातो. लहान सायकलीचे भाडे काही ठिकाणी थोडे जास्त असे, कारण त्या मोजक्याच असत आणि सकाळी दुकान उघडताच निघून जात. अर्ध्या तासाचीही सोय असे.

मुलांच्या हाताला घड्याळ नव्हते. तास कधी भरतो हे कळण्यासाठी रस्त्याने जाणाऱ्या प्रत्येक घड्याळवाल्याला “काका, किती वाजले?” असे विचारत राहावे लागे. पाच-दहा मिनिटे दुकानदार सोडून देई, त्यापुढे मात्र अर्ध्या तासाचे पैसे लागत. चौघांनी मिळून एक तास घेतला असेल, तर हिशेब मिनिटांत न होता चकरांत होई: वडाच्या पारापर्यंत जाऊन परत, मग पुढच्याचा नंबर. बाकीचे तिघे सायकलीमागे धावत. विकत घेतलेला वेळ वाटून कसा घ्यायचा, याचे इतके चोख शिक्षण शाळेत मिळत नव्हते.

अर्धे पायडल

या पद्धतीने जन्माला घातलेले खरे कौशल्य म्हणजे ‘अर्धे पायडल’ किंवा ‘हाफ पायडल’. दुकानातल्या बहुतेक सायकली मोठ्या माणसांच्या, 28 इंची चाकांच्या आणि वजनाने वीस किलोच्या आसपास असत. सीट नऊ-दहा वर्षांच्या मुलाच्या छातीला लागे. सीटवर बसले तर पाय पायडलला पोचत नाहीत आणि आडव्या दांड्यावरून टांग टाकता येत नाही. यावर मुलांनी उपाय काढला तो दांड्याखालून जाण्याचा.

मूल सायकलीच्या डाव्या बाजूला उभे राहते. डावा हात हँडलवर, उजवा हात दांड्याला किंवा सीटला विळखा घालून. पहिले काही दिवस डावा पाय डाव्या पायडलवर ठेवून उजव्या पायाने जमीन मागे ढकलत नुसते घसरत जायचे. यात तोल कळतो. मग एखाद्या उतारावर, वेग आला की, उजवा पाय दांड्याखालच्या त्रिकोणातून पलीकडे घालून उजव्या पायडलवर टेकवायचा. आता शरीर सायकलीच्या डावीकडे लोंबते आहे, म्हणून सायकल उजवीकडे कललेली हवी, तरच दोघांचे मिळून वजन चाकांच्या रेषेवर राहते. अशा अवघडलेल्या स्थितीत पायडल पूर्ण फिरत नाही. ते अर्धे खाली दाबायचे, उलटे वर आणायचे, पुन्हा दाबायचे. मागच्या चाकावरच्या दातेरी चकतीमुळे, म्हणजे फ्रीव्हीलमुळे, उलटे आणताना चाक अडत नाही, फक्त ‘कटकट’ आवाज येतो. गल्लीत तो आवाज ऐकला की कोणीतरी नव्याने शिकते आहे हे घरात बसून कळे.

अर्ध्यावरून पूर्ण पायडल, मग दांड्यावर बसून, आणि शेवटी सीटवरून: या चार पायऱ्या. सीटवरून चालवताना पाय पुरत नसतील, तर ढुंगण एकदा डावीकडे एकदा उजवीकडे सरकवत चालवायचे. एका सुट्टीत पहिल्या दोन पायऱ्या पार पडत, उरलेल्या पुढच्या वर्षी, उंची वाढल्यावर.

मागून कोणीतरी सीट धरून धावणे ही शिकवण्याची दुसरी रीत, आणि ती अधिक प्रसिद्ध आहे. माझ्या मते अर्धे पायडल तिच्याहून सरस होते. सायकल चालवताना तोल राहतो तो हँडलमुळे: सायकल ज्या बाजूला पडू लागते त्याच बाजूला पुढचे चाक थोडे वळवले, की चाके पुन्हा शरीराच्या खाली येतात. मागून कोणी सीट घट्ट धरून ठेवली, तर पडणे घडतच नाही आणि वळवण्याची ही सवय हाताला लागत नाही. अर्ध्या पायडलमध्ये मूल जमिनीपासून वीतभर उंचीवर असते. तोल गेला तर डावा पाय खाली टेकवला की झाले, म्हणून ते शंभर वेळा चुकू शकते आणि धरणाऱ्या माणसाची गरज लागत नाही. आज लहान मुलांसाठी पायडल नसलेल्या, पायाने ढकलायच्या सायकली विकल्या जातात, त्यांच्यामागचे तत्त्व हेच. कार्ल फॉन ड्राइस या जर्मन माणसाने 1817 मध्ये मानहाइमला चालवलेली सायकलीची आद्य आवृत्तीही पायडलविना, पाय मागे रेटत चालणारी होती. म्हणजे अर्धे पायडल शिकणारे मूल सायकलीचा इतिहास आपल्या पायाने पुन्हा एकदा चालत होते.

सायकल सरळ का राहते याचा शास्त्रीय उलगडा अजून सोपा झालेला नाही. फिरत्या चाकांचा भोवऱ्यासारखा परिणाम आणि हँडल ज्या रेषेभोवती वळते तिच्या थोडे मागे पुढचे चाक जमिनीला टेकणे, ही दोन कारणे फार काळ सांगितली जात. डेल्फ्ट आणि कॉर्नेल विद्यापीठांतल्या संशोधकांनी 2011 मध्ये हे दोन्ही परिणाम काढून टाकलेली एक सायकल तयार केली, आणि ढकलून दिल्यावर तीही स्वतःचा तोल सांभाळत गेली.

चेन आणि पंक्चर

भाड्याची सायकल हमखास बिघडे. चेन पडणे ही रोजची गोष्ट. सायकल उलटी करून सीटवर उभी करायला मोठ्यांची ताकद लागते, म्हणून मुले ती भिंतीला टेकवत. आधी मागच्या फ्रीव्हीलवर चेन बसवायची, पुढच्या चक्राच्या खालच्या दातावर तिचे एक-दोन दुवे अडकवायचे आणि पायडल हाताने उलटे फिरवायचे. दोन गचके देऊन ती जागेवर जाते. काळे झालेले हात मातीत घासून चड्डीला पुसत, आणि घरी हेच डाग सांगत की दुपारी कोण कुठे होते.

पंक्चरचे प्रकरण गंभीर, कारण त्याचे पैसे कोणी द्यायचे हा प्रश्न येई. नियम सर्वत्र सारखा नव्हता. जुन्या ट्यूबला आधीच आठ-दहा ठिगळे असत. उन्हात तापलेल्या रस्त्यावर त्यांचे सोल्युशन, म्हणजे चिकटवायचा द्रव, सुटे आणि हवा फुसकन जाई. हवा तापली म्हणून ट्यूब फुटते असे म्हणतात, पण 20 अंशांवरून 40 अंशांवर गेल्याने आतला दाब जेमतेम सात टक्क्यांनी वाढतो. दोष बहुधा ठिगळाचा असे.

दुकानापर्यंत सायकल ढकलत आणायची आणि मग समोर उकिडवे बसून बघायचे. टायरच्या एका कडेखाली लोखंडी पट्ट्या घालून ती रिमबाहेर काढली जाई. ट्यूब ओढून तिच्यात पंपाने हवा भरत, आणि घमेल्यातल्या गढूळ पाण्यात ती वीत-वीत दाबत पुढे सरकवत. बुडबुड्यांची बारीक माळ वर आली की काकांचे बोट तिथे. ट्यूब पुसून, खुणेच्या पेन्सिलीने भोवती फुली, मग कानसेने किंवा पॉलिश पेपरने रबर खरवडायचे. सोल्युशन बोटाने पसरून ते वाळू द्यायचे. घाई केली तर ठिगळ बसत नाही, हे वाक्य प्रत्येक दुकानात ऐकू येई. शेवटी ठिगळ ठेवून लाकडी हातोड्याने ठोकायचे आणि टायरच्या आतून बोटे फिरवून काटा शोधायचा. बाभळीचा काटा सापडला, तर चूक रस्त्याची ठरे आणि मुलगा सुटे.

मुली

तासाची सायकल बराच काळ मुलग्यांचीच होती. मुलींना मनाई असे त्यापेक्षा सायकलीच त्यांच्या नव्हत्या: दांड्याच्या सायकलीवर फ्रॉक किंवा परकर घालून चालवणे अवघड आणि भाड्याच्या ओळीत बिनदांड्याची ‘लेडीज सायकल’, मागच्या चाकाला जाळी लावलेली, एखादीच. पुण्यासारख्या शहरात, जिथे बायका सायकलीवरून कॉलेजला आणि नोकरीला जात, तिथे हे लवकर बदलले. इतरत्र थोरल्या भावाने नावावर घ्यायची आणि गल्लीच्या टोकाशी बहिणीच्या हातात द्यायची, असे चाले. शाळेसाठी सायकल घेऊन द्या, असे घरी म्हणायचे बळ कित्येक मुलींना या चोरून मिळालेल्या चकरांनी दिले.

ओहोटी

ऐंशीच्या दशकात बीएसए एसएलआर आणि नंतर हीरो रेंजर, लेडीबर्ड अशा सायकली आल्या आणि दहावीत चांगले गुण मिळाल्यावर सायकल भेट देणे मध्यमवर्गीय घरांना परवडू लागले. मुलांच्या मापाच्या, बाजूला आधाराची दोन छोटी चाके असलेल्या सायकली घरोघरी आल्यावर दांड्याखालून जाण्याचे कारण उरले नाही. दुसरे कारण रस्ता. घरातल्या मोठ्यांकडे स्कूटर-मोटारसायकली आल्या, गल्ल्यांत गाड्या उभ्या राहू लागल्या आणि वडाच्या पारापर्यंतची मोकळी चक्कर संपली. माझ्या दृष्टीने हे दुसरे कारण मोठे आहे. सायकल घरात आली, पण ती सोसायटीच्या फाटकाआतच फिरते.

नवे प्रयत्न झाले. पुण्यात डिसेंबर 2017 मध्ये विद्यापीठ आणि औंध भागात मोबाइलवरून कुलूप उघडणाऱ्या भाड्याच्या सायकली सुरू झाल्या. अर्ध्या तासाच्या हिशेबाने पैसे घेण्याची जुनीच रीत त्यात होती, वहीची जागा मात्र अ‍ॅपने घेतली. पण त्या सायकली मोठ्यांच्या जाण्यायेण्यासाठी होत्या, लहान मुलांच्या मापाच्या नव्हत्या, आणि काही वर्षांतच त्यातल्या बऱ्याचशा रस्त्यावरून दिसेनाशा झाल्या.

हौसेची भाड्याची सायकल आज महाराष्ट्रात ठळकपणे दिसते ती बोरिवलीच्या संजय गांधी राष्ट्रीय उद्यानात. फाटकाच्या आत ओळखपत्र दाखवून आणि अनामत ठेवून सायकल मिळते. सोमवारी उद्यान बंद असते. मे महिन्यात सकाळी लवकर तिथे आई-वडिलांसह आलेल्या मुलांची रांग लागते. कान्हेरी लेण्यांकडे जाणारा सुमारे सहा किलोमीटरचा रस्ता झाडीतून चढत जातो. शेवटच्या टप्प्यात बरेच जण उतरून सायकल हाताने ढकलतात. येताना मात्र पायडल मारावे लागत नाही. फ्रीव्हीलची कटकट तेवढी ऐकू येत राहते.