मांडीवरचं मूल आणि एअरबॅगचा सेन्सर

सोलापूरहून तुळजापूर-अक्कलकोटला निघालेल्या गाड्यांत पुढे, आईच्या मांडीवर मूल हमखास दिसतं. 'सेन्सरला मूल कळतं, मग एअरबॅग उघडत नाही,' हा समज जुना आणि साफ चुकीचा आहे. सीटमधला सेन्सर वजन ओळखतो; आई-मुलाचं मिळून वजन त्याला एकाच मोठ्या माणसाचं वाटतं. आपल्याकडच्या कितीतरी गाड्यांत तर तो फक्त बेल्टची घंटी वाजवण्यापुरता असतो. जोराची धडक बसली की एअरबॅग पापणी लवायच्या आत, साधारण ३० ते ५० मिलिसेकंदांत फुगते आणि लेकरू तिच्या व आईच्या मध्ये चिरडतं. मूल मागेच बसवा, त्याच्या मापाच्या चाइल्ड सीटमध्ये. पुढच्या माणसाने सीट मागे सरकवून, पाठ टेकून, बेल्ट लावूनच बसावं. डॅशबोर्डवर पाय नकोतच.